पंचवार्षिक योजना आणि बुधवारचे जेवण

निवृत्त झालेल्या नर्सच्या वाट्याला दोन गोष्टी हमखास येतात: गुडघेदुखी आणि कमिटी. गुडघेदुखी आमच्याकडे आधीच होती, कमिटी दोन वर्षांपूर्वी आली.

आमच्या शहरात (दक्षिणेकडचे एक गाव समजा, नाव सांगून कुणाची पंचाईत करीत नाही) वृद्धांसाठी एक मोएदोन आहे. ते चालविणाऱ्या संस्थेने पुढील पाच वर्षांची योजना आखावयाची ठरविली आणि वस्तीतील बेने इस्राएल मंडळींतर्फे कुणीतरी हवे म्हणून आम्हाला फोन केला. सल्लागार म्हणून तेल अवीवहून एक मुलगी येत असे. हुशार, बोलायला गोड, वयाने आमच्या धाकटीएवढी. पहिल्याच बैठकीत तिने भिंतीवर एक मोठा कागद चिकटविला, त्यावर ‘दृष्टी, ध्येय, उद्दिष्ट, कृती, निकष’ असे पाच शब्द एकाखाली एक लिहिले आणि प्रत्येकाच्या हाती पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. शेजारी पंच्याऐंशीच्या घरातले एक काका बसले होते. ते मराठीत पुटपुटले, “आमच्या मास्तरांकडे छडी होती. हिच्याकडे चिठ्ठ्या आहेत.”

आम्ही हसलो खरे, पण चिठ्ठ्यांवर आमचा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपल्या लोकांना योजनेचे वावडे आहे. “देव करील ते खरं” असे म्हणून आपण मोकळे होतो आणि मग जे होते त्याबद्दल आयुष्यभर कुरकुरतो. या देशात जे काही चांगले उभे राहिले आहे ते कुणीतरी आधी कागदावर मांडले होते. तिपात हालावचेच घ्या. हेन्रिएटा सोल्ड यांच्या हदासा संस्थेने १९१३ साली अमेरिकेहून यरुशलेमला दोन नर्सेस पाठविल्या. फक्त दोन! पुढे १९२० च्या दशकात बाळांसाठी स्वच्छ दुधाची सोय झाली, ते दूध गाढवावर लादून घरोघर पोचविले जाई आणि नर्स आईच्या दारात जाऊन बसे. आम्ही १९७६ साली सतराव्या वर्षी मुंबईहून आलो, नर्सिंग शिकलो, त्या तिपात हालावमध्ये पुष्कळ वर्षे काढली. तिथे गाढव नव्हते, पण दारात जाऊन बसण्याची रीत शिल्लक होती.

दुसरी योजना आम्ही अगदी जवळून पाहिली ती ‘सिऊद’ची. वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा क्नेसेटने १९८० साली मंजूर केला. वर्गणी त्याच सुमारास कापली जाऊ लागली, पण पहिला लाभ म्हाताऱ्या माणसाच्या दारी पोचला तो १९८८ च्या एप्रिलमध्ये. आठ वर्षे! तेव्हा आम्हीही इतरांप्रमाणे, “पैसे कापायला घाई, द्यायला सवड” असे म्हणत होतो. पुढे काम करताना कळले की यात नुसता आळस नव्हता. म्हाताऱ्यांच्या हाती रोख पैसे न देता सेवा द्यावयाची असे ठरले होते: घरी येऊन आंघोळ घालणारी, जेवण करून देणारी बाई, दिवसाचे केंद्र, लंगोट, कपडे धुण्याची सोय. आता या सेवा आधी कुठेतरी असल्या तर द्यावयाच्या ना? बायका शिकवून तयार करावयाच्या, केंद्रे बांधावयाची, संस्था उभ्या करावयाच्या. पैसा आणि माणसे दोन्ही जमवावी लागली.

त्यापूर्वी आपल्याकडे म्हातारपणाची व्यवस्था एकच होती, ती म्हणजे सून. सून नसेल तर मुलगी. तीही कारखान्यातून संध्याकाळी पाचला घरी येई, आणि सासूला न्हाऊ घालून मग चुलीशी उभी राही. तिचे कष्ट कुणी कुठल्या कागदावर मांडले नव्हते. म्हणून सिऊद आले तेव्हा आम्हाला वाटले, आता या बायकांची पाठ जरा सरळ होईल. पण आपल्या घरांतून पहिला आवाज काय आला? “परकी बाई येऊन आमच्या आईला आंघोळ घालणार? लोक काय म्हणतील?” ही लाज मोडायला कायद्यापेक्षा जास्त वर्षे लागली. कायदा वरून येतो, लाज घरातच बसलेली असते.

आता जी गोष्ट सांगतो ती आम्ही आजवर लिहिली नव्हती.

१९८९ च्या हिवाळ्यात, तिपात हालावचे काम सांभाळून, आम्ही सिऊदच्या तपासणीलाही जात असू. अर्ज केलेल्या वृद्धाच्या घरी जावयाचे आणि पाहावयाचे: स्वतः कपडे घालता येतात का, आंघोळ, जेवण, घरातल्या घरात चालणे, लघवी-परसाकडेचा ताबा. प्रत्येकाला गुण. जितके परावलंबन अधिक तितके गुण अधिक. एके दिवशी यादीत आमच्याच ओळखीच्या एक आजी आल्या. मूळच्या रेवदंड्याच्या. मुलाने अर्ज केला होता.

आम्ही सकाळी नऊला गेलो. आजी दारात उभ्या! इस्त्रीचे पांढरे पातळ, केस विंचरलेले, हातात चार बांगड्या. “ये गं बाय, बस,” म्हणाल्या. सरकारी कामाने का होईना, घरी पाहुणी आली होती. त्या उठल्या, भिंतीला हात लावीत स्वयंपाकघरात गेल्या आणि वेलचीचा चहा करून घेऊन आल्या. कप बशीत खडखडत होता. आम्ही पाहिला तो खडखडाट, पण लिहिला नाही. मग एकेक प्रश्न विचारला. कपडे? “माझी मीच नेसते.” आंघोळ? “करते की.” रात्री उठावे लागते का? “छे गं.” आम्ही मराठीत विचारले आणि त्यांनी मराठीत उत्तरे दिली, भाषेची काहीच अडचण नव्हती. आम्ही जे ऐकले ते प्रामाणिकपणे भरले. गुण कमी पडले, अर्ज नामंजूर झाला.

तीन महिन्यांनी आजी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळातून त्या घरी परत आल्या नाहीत.

शिवाच्या दिवसांत आम्ही भेटायला गेलो. मुलाने एका शब्दाने आम्हाला विचारले नाही. त्याच्या बायकोने आम्हाला चहा दिला. पुढे कळले की तपासणीच्या दिवशी सुनेने पहाटे पाचला उठून सासूला आंघोळ घातली होती, पातळ नेसविले होते, केस विंचरले होते आणि मग ती कामावर गेली होती. सासूनेच सांगितले होते, “उद्या साहेबीण येणार, मला नीट बसव.”

नियमाचा यात काही दोष नव्हता. ज्यांनी तो फॉर्म तयार केला ते कधी रेवदंड्याच्या आजींच्या घरी चहा प्याले नव्हते. आम्ही प्यालो होतो, म्हणून दोष आमचा. पाहुण्यासमोर “मला जमत नाही” असे आपल्याकडची बाई मरेपर्यंत म्हणणार नाही, हे आम्हाला जन्मापासून माहीत होते. त्या दिवसापासून आम्ही “येतं का?” असे विचारणे सोडले. “काल पोलक्याची बटणं कुणी लावली?” असे विचारू लागलो. “नेसून दाखवा पाहू,” म्हणू लागलो. चहा आला तर कप घेऊन येणाऱ्या हाताकडे बघू लागलो.

वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. आज ही व्यवस्था पुष्कळ बदलली आहे. नोव्हेंबर २०१८ पासून परावलंबनाचे सहा दर्जे झाले आहेत आणि लाभाचा काही भाग रोख घेण्याचीही सोय आहे. पण आपल्या म्हाताऱ्या मात्र त्याच आहेत. तपासणीला माणूस येणार असेल त्या दिवशी आईला नटवू नका, घरातले एक माणूस जवळ बसू द्या, आणि रात्री काय होते ते त्याने सांगावे. यात आईचा अपमान काही होत नाही.

असो. चिठ्ठ्यांकडे वळतो.

तिसऱ्या बैठकीपर्यंत योजनेचा मसुदा तयार झाला. संगणक वर्ग, खुर्चीवरचा व्यायाम, आरोग्यावर व्याख्याने, नवी रंगरंगोटी, आणि ‘वस्तीतील सर्व समाजघटकांचा सहभाग वाढविणे’. हे शेवटचे उद्दिष्ट आमच्यासाठी होते. आमच्या भागात मराठी बोलणारे म्हातारे-म्हाताऱ्या पुष्कळ, पण मोएदोनमध्ये येत जेमतेम आठ-नऊ. व्यवस्थापकांचे म्हणणे असे की सुंदर हिंदी गाण्यांचा कार्यक्रम ठेवू, मग येतील. आम्ही विचारले, “का येत नाहीत हे त्यांना कुणी विचारलं आहे का?” खोलीत जरा शांतता झाली. सल्लागार मुलीने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, “मग तुम्ही विचारा.” तिच्याबद्दल आमचे मत त्या दिवसापासून चांगले झाले.

विचारायला जाण्याची तयारी एका दुर्दैवी कारणाने आधीच झाली होती. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर मोएदोन बंद होते. आमच्या वस्तीतील जुन्या इमारतींत ममाद नाही. सायरन झाला की तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी आश्रयस्थानापर्यंत पोचत नाही, जिन्यात बसते. तेव्हा आम्ही तिघी मैत्रिणींनी एका वहीत नावे लिहिली आणि सकाळ-संध्याकाळ फोन फिरवू लागलो: “आहात ना? जेवलात ना?” ती वही घेऊनच आम्ही घरोघर निघालो. चार आठवडे लागले. गुडघ्यांनी फार शिव्या दिल्या.

कारणे ऐका. मोएदोनची गाडी साडेसातला येते. तोवर आंघोळ, तेफिल्ला, चहा काहीच झालेले नसते. जेवण बारा वाजता, उकडलेला बटाटा आणि मिठाशिवाय दुसरी ओळख नसलेली कोंबडी. एक मावशी म्हणाल्या, “आजाऱ्याचं जेवण खायला मी आजारी कशाला पडू?” एका काकांना ऐकू कमी येते, आणि हिब्रूत “पुन्हा सांगा” असे चारदा म्हणायची लाज वाटते. एकीला सून म्हणते, “तुम्ही गेलात तर लोक म्हणतील आम्ही घालवलं.” हिंदी गाण्यांचा उल्लेख कुणीच केला नाही.

आणि एक कारण असे निघाले की आम्ही नर्स असूनही ते आमच्या पुरते ध्यानात आले नव्हते. म्हातारपणी स्मृती जाऊ लागली की नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी जाते. चाळीस वर्षे हिब्रूत कारखाना चालविलेला माणूस एके सकाळी हिब्रू विसरतो आणि पेणच्या बाजारातले मराठी बोलू लागतो. मुलांना मराठी समजते, पण बोलता येत नाही. नातवंडांना समजतही नाही. अशा एका घरी गेलो. काकांची सेवा करायला नेपाळची एक बाई चोवीस तास राहते. काका तिच्याशी काय बोलतात? मुंबईची हिंदी! ती सिनेमे पाहून शिकलेली, हे परळला नोकरी करून. घरच्यांना जे सांगता येत नाही ते काका तिला सांगतात, आणि ती मोडक्या हिब्रूत त्यांच्या मुलाला सांगते. बाप आणि लेक यांच्यामध्ये काठमांडूची दुभाषी. कुठल्या योजनेत हे लिहिले होते?

हे सारे आम्ही बैठकीत सांगितले तेव्हा छडीवाले काका, जे आजवर फक्त पुटपुटत होते, उठून उभे राहिले. म्हणाले, मला योजना शिकवू नका. १९६४ साली आपण खरे यहुदी की नाही असा प्रश्न उभा केला गेला तेव्हा यरुशलेमला ज्यूइश एजन्सीसमोर आपली माणसे बायकामुलांसह धरणे धरून बसली होती, त्यांत मी होतो. कुणी कुठल्या गावाहून यायचे, रात्री मुलांपाशी कोण बसायचे, भात कुणी आणायचा, सगळे ठरलेले होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. “आमच्यात भांडणं होती, पण मागणी एक होती,” काका म्हणाले. “तुमच्या कागदावर मागण्या चौदा आहेत.” सल्लागार मुलीने कागद मोजला. खरोखरच चौदा होत्या.

आम्हाला त्या वेळी जामखेड आठवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी भागात काम सुरू केले. ते औषधे घेऊन गेले होते. लोकांना आधी हवे होते अन्न आणि पाणी. त्यांनी ते ऐकले, आणि पुढे आरोग्याचे काम गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांच्या हाती सोपविले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या बैठकीत आम्ही हे सांगितले नाही, वेळ संपत आला होता. पण चौदामधून एक निवडावयाची पाळी आली तेव्हा आम्ही जेवणावर बोट ठेवले.

बुधवारी दुपारी एक वाजता, गाडी दहानंतर, आणि जेवण आपल्या बायकांनी मोएदोनच्या स्वयंपाकघरात करावयाचे. ऐकायला सोपे वाटते. घरून शिजवून आणता येत नाही, कारण मोएदोनला कश्रुतचा दाखला आहे. म्हणजे मश्गिआख आलेच. भले गृहस्थ, पण कोथिंबिरीची जुडी पाहून त्यांचा चेहरा उतरला. पाल्यात किडे असतात, म्हणून पान न् पान पाण्यात भिजवा, धुवा, उजेडात धरा. दोन किलो कोथिंबीर, आणि तीन आज्या चष्मे लावून बसल्या आहेत! त्यानंतर नारळाच्या दुधातली कोंबडी चुलीवर पाहून ते अक्षरशः दोन पावले मागे सरले. “मांसात दूध?” आम्ही समजावले की हे झाडाचे दूध, म्हणूनच तर आपल्या कोकणातल्या पूर्वजांनी ते धरले. तेव्हा ते निवळले आणि म्हणाले, “मग टेबलावर नारळ ठेवा. पाहणाऱ्याला संशय नको, असा जुना नियम आहे.” तेव्हापासून दर बुधवारी मधल्या टेबलावर एक फोडलेला नारळ असतो. एका आजीने त्याला फूलही वाहिले होते. ते मात्र आम्ही हळूच काढून ठेवले.

संगणक वर्गाला आम्ही विरोध केला होता, हे कबूल करावे लागेल. त्यासाठी देणगीदार होता आणि जेवणासाठी नव्हता, म्हणून मनात राग होता. पण त्याच वर्गात छडीवाल्या काकांनी ठाण्याच्या बहिणीला पडद्यावर पाहिले आणि पाऊण तास दोघेही फक्त “जेवलीस का?”, “जेवलास का?” एवढेच विचारीत राहिले. तेव्हा तो वर्ग राहू द्यावा.

निकषांवर मोठी चर्चा झाली. जीवनमानाची गुणवत्ता किती टक्के वाढली, असे लिहावयाचे होते. आम्ही म्हटले, टक्के आम्हाला कळत नाहीत, आमच्याकडे वही आहे. जो येतो त्याच्यापुढे बरोबरची खूण, येत नाही त्याच्यापुढे फुली. ओळीने दोन फुल्या पडल्या की दोन दिवसांत कुणीतरी त्याच्या दारी जावयाचे. सल्लागार मुलीने ते जसेच्या तसे योजनेत घातले: ‘दोन फुल्या, दोन दिवस.’ व्यवस्थापकांना ते फारच साधे वाटले. पाच वर्षांऐवजी मंजुरी एकाच वर्षाची मिळाली.

गेल्या महिन्यात एका मावशींपुढे दोन फुल्या पडल्या. आम्ही आणि एक मैत्रीण गेलो. दार उघडायला फार वेळ लागला. मावशी इस्त्रीच्या साडीत, केस विंचरलेले, “या, या, मी अगदी मजेत आहे हो, जरा सर्दी होती.” आणि भिंतीला हात लावीत स्वयंपाकघराकडे निघाल्या. आमच्या पोटात धस्स झाले. मैत्रिणीने त्यांना बोलण्यात गुंतविले, चहा आम्ही केला, आणि करता करता पाहिले: फ्रिजमध्ये एक दही आणि अर्धे लिंबू, न्हाणीघरातली चटई भिजलेली, कठड्याचा एक स्क्रू निसटलेला. साडी कुणी नेसवली, असे विचारल्यावर मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. शेजारची रशियन बाई रोज सकाळी येऊन नेसवून जाते. तिला साडी नेसवायला मावशींनीच शिकविले आहे.

सिऊदचा अर्ज त्याच दिवशी भरला. तपासणीला माणूस अजून यावयाचा आहे. त्या दिवशी आम्ही तिथे असू, आणि शेजारणीलाही बसवू. कठडा आमच्या ह्यांनी घट्ट केला.

मंजुरी पेसाखपर्यंत आहे. त्यापुढचे पैसे कोण देणार हे ठरलेले नाही. बुधवारी सत्तावीस माणसे जेवली, आणि कोथिंबीर निवडायला हात कमी पडले. आमच्या शहरातील वाचकांपैकी ज्यांची नजर चांगली आहे त्यांनी सकाळी नऊला यावे.